वाटपाकडून नियोजनाकडे

एसटीच्या तिकिटात अपंग प्रवाशाला 75 टक्के सवलत मिळते. दवाखान्यासाठी, बँकेसाठी, बाजारासाठी खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्या माणसाच्या लेखी या सवलतीचे मोल मोठे आहे. पण पायात कॅलिपर घातलेला माणूस साध्या गाडीच्या दाराशी येतो तेव्हा पहिली पायरी त्याच्या गुडघ्यापाशी असते. तो आधी कुबड्या आत सरकवतो, दांडा धरतो, आणि मागून कोणीतरी काखेत हात घालून त्याला वर चढवते. बाई असेल तर या मदतीचाच संकोच वाटून पुढच्या खेपेला ती घरी राहते. तिकिटाची सवलत कल्याणकारी योजनांच्या फायलीतून आली. गाडीची बांधणी दुसऱ्या फायलीत ठरली आणि ती ठरवताना हा प्रवासी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय या दोन फायलींमधले अंतर हा आहे.

अपंगत्वविषयक धोरण म्हटले की पेन्शन, तीनचाकी सायकल आणि नोकरीतले आरक्षण एवढेच बहुतेकांच्या मनात येते. प्रत्यक्षात हे क्षेत्र फार पसरलेले आहे. बाळाच्या ऐकण्याची तपासणी वेळेवर होणे, अंगणवाडीताईला मतिमंदत्वाची सुरुवातीची लक्षणे ओळखता येणे, शाळेत विशेष शिक्षक असणे, न्यायालयात सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळणे, पूर आला तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधी बाहेर काढायचे हे गावाच्या आपत्ती आराखड्यात लिहिलेले असणे, म्हातारपणी हात थरथरू लागल्यावर अंगठ्याच्या ठशावाचून रेशन मिळणे, ही सगळी अपंगत्वाच्या धोरणाचीच कलमे आहेत. त्यातली बरीचशी समाजकल्याण अधिकाऱ्याच्या टेबलावर कधीच येत नाहीत. ती बांधकाम, परिवहन, शिक्षण, महसूल आणि आरोग्य या खात्यांची कामे आहेत. आपले शासन अपंगांना वस्तू आणि रकमा वाटते, पण रस्ता, शाळा, दवाखाना यांची आखणी करताना त्यांना धरत नाही. वाटप थांबवावे असे कोणीही म्हणणार नाही. पण वाटपालाच धोरण समजण्याची सवय मात्र मोडायला हवी, आणि त्यासाठी ती कशी लागली हे पाहावे लागते.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात सरकारने केली नाही. मूकबधिर मुलांची शाळा 1880 च्या दशकात मुंबईत माझगावला निघाली, ती ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने. अंध मुलांची शाळा 1900 साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईतच सुरू केली, आणि पुण्याची अंधशाळा 1934 साली उभी राहिली. कुष्ठरोग्यांसाठी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली काम आरंभले, अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभारले, आणि बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती 1949 साली स्थापन होऊन वरोऱ्याजवळ आनंदवन वसले. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. याच काळात मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली. पुढे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, हाजीअलीची भौतिक पुनर्वसन संस्था, पुण्याची कामायनी, मिठू अलूर यांनी 1972 साली सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी आणि कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांची 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' अशी नावे या यादीत येत गेली. नसीमाताई स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. तोवर काम करणारे आणि ज्यांच्यासाठी काम करायचे ते, या दोन वेगळ्या जमाती मानल्या जात.

या माणसांचे ऋण मोठे आहे. आनंदवनाने भिकेऐवजी काम दिले आणि समाजाने टाकून दिलेल्या हातांनी शेती व कारखाने चालवून दाखवले. ही उदाहरणे समोर नसती तर पुढचे कायदेही झाले नसते. पण संस्था निघते तिथे, जिथे ती काढणारा माणूस राहतो. त्यामुळे सेवांचा नकाशा गरजेप्रमाणे आखला गेलाच नाही. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांभोवती शाळा आणि कार्यशाळांची दाटी झाली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यातल्या आईला मात्र मुलाच्या फिजिओथेरपीसाठी अख्खा दिवस आणि रोजगार खर्ची घालावा लागतो. शासनाने या संस्थांना अनुदान दिले, तपासण्या केल्या, आणि कर्तव्य पार पडले असे मानले. अनुदानित संस्थेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

तो विचारायला लावणारे विचारप्रवाह बाहेर घडत होते. दयेची दृष्टी सर्वांत जुनी. अपंगत्व म्हणजे नशीब किंवा पूर्वकर्म, आणि मदत म्हणजे पुण्य. तिच्यापाठोपाठ वैद्यकीय दृष्टी आली. तिच्या लेखी दोष शरीरात असतो आणि डॉक्टरने तो शक्य तितका दुरुस्त करायचा असतो. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी ही मांडणी उलटवली. पाय अधू असणे वेगळे आणि जिन्यामुळे अडणे वेगळे, अडवणूक समाज करतो, असे त्यांनी 1976 मध्ये लिहून ठेवले. माइक ऑलिव्हर यांनी पुढे त्याला सामाजिक प्रारूप म्हटले. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्र जगण्याची चळवळ उभी केली आणि 1990 साली तिथे व्यापक कायदा झाला. विकसनशील देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने समुदायाधारित पुनर्वसनाचा मार्ग सुचवला: मोठ्या शहरातल्या संस्थेऐवजी गावातल्याच कार्यकर्त्याला शिकवून घराघरात सेवा पोहोचवायची. या सगळ्याची परिणती 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात झाली. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्यावर मान्यतेची मोहोर उठवली.

सामाजिक प्रारूपावर नंतर टीकाही झाली आणि मला ती पटते. दुखरे सांधे, फिट्स, थकवा यांना उतार बांधून उत्तर मिळत नाही. अपंग स्त्रीवर घरात होणारी हिंसा, दलित कुटुंबातल्या बहिऱ्या मुलाचे दुहेरी वगळले जाणे, हेही त्या मांडणीत नीट बसत नव्हते. आपल्या परिस्थितीला मला सर्वांत उपयोगी वाटते ती अमर्त्य सेन यांची मांडणी. अपंग माणूस दोनदा मागे पडतो. एक तर त्याची कमाई कमी होते, आणि दुसरे म्हणजे तेवढ्याच कमाईत त्याला इतरांइतके जगता येत नाही. रिक्षा, मदतनीस, औषधे, साधने यांवर त्याचा जास्तीचा पैसा जातो. गरिबी मोजणाऱ्या आकड्यांत हा जास्तीचा खर्च दिसत नाही. सरकारी मदतीची रक्कम ठरवतानाही तो कोणी धरत नाही.

भारतातले कायदे या सगळ्याचे ठसे घेऊन आले आहेत. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्यानंतर चळवळीने जोर धरला आणि 1995 चा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार आणि सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण होते. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले, नोकरीतले आरक्षण 4 टक्के आणि उच्च शिक्षणातले 5 टक्के केले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपंग व्यक्तीला गरजेनुसार वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये, हाताच्या दुखण्यामुळे लिहू न शकणाऱ्या एका परीक्षार्थ्याला लेखनिक देण्याच्या प्रकरणात, हे तत्त्व अगदी स्वच्छ शब्दांत मांडले. कागदावर आपला कायदा जगातल्या चांगल्या कायद्यांत बसतो.

तालुक्याच्या पातळीवर मात्र या कायद्याची भेट एकाच प्रश्नातून होते: किती टक्के? सिव्हिल रुग्णालयात अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारा बोर्ड बसण्याचा दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रश्न कसा विचारला जातो हे माहीत आहे. सकाळपासून व्हरांड्यात ओळ असते. कोणी पाठीवर म्हातारी आणलेली असते, कोणी मुलाला खांद्यावर. अस्थिरोगतज्ज्ञ आले असतील तर कानाचे डॉक्टर नसतात. कानाचे असतील तर मनोविकारतज्ज्ञ पुढच्या आठवड्यात येणार असतात. 40 टक्के ही रेषा आहे. तिच्या खाली आलेल्याला बहुतेक योजनांचे दार बंद होते. त्यामुळे माणसे आपल्या दुखण्याबद्दल कमी आणि टक्क्याबद्दल जास्त बोलू लागतात. आता वैश्विक ओळखपत्राची व्यवस्था ऑनलाइन झाली आहे, ही सुधारणा आहे. पण अर्ज सेतू केंद्रातून भरला तरी तपासणीची ओळ तीच राहते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2018 च्या पाहणीत देशातल्या अपंग व्यक्तींपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडे प्रमाणपत्र असल्याचे आढळले होते. म्हणजे दहांतले सात जण योजनेच्या दारापर्यंतच पोहोचलेले नव्हते. मधूनमधून खोट्या दाखल्यांची प्रकरणे गाजतात आणि प्रत्येक वेळी पडताळणीचा भार खऱ्या अपंगांवर येऊन पडतो. त्यांनाच पुन्हा बोर्डापुढे उभे केले जाते.

टक्केवारीच्या मापाची मर्यादा सिकलसेलइतकी दुसरीकडे कुठे दिसत नाही. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटच्या आदिवासी भागात हा रक्ताचा आजार बराच आहे. 2016 च्या कायद्याने त्याला अपंगत्वाच्या यादीत घेतले ते योग्यच झाले. पण सिकलसेलची मुलगी आज हसत शाळेत जाते आणि पुढच्या आठवड्यात हाडांच्या असह्य वेदनांनी तळमळत पडते. बोर्डाच्या दिवशी तिची तब्येत कशी आहे यावर तिचे अपंगत्व ठरवायचे का? शिवाय शिक्षणातल्या 5 टक्क्यांत तिला जागा आहे, पण नोकरीच्या 4 टक्क्यांच्या विभागणीत रक्तविकारांचा समावेश नाही. कायद्याने एका हाताने ओळख दिली आणि दुसऱ्या हाताने तिचा मुख्य उपयोग रोखून धरला. हा प्रश्न आदिवासी भागातल्या कार्यकर्त्यांनी लावून धरला पाहिजे, कारण शहरातल्या संघटनांना तो रोज भेटत नाही.

मुळात किती माणसे अपंग आहेत, हेच आपल्याला नीट माहीत नाही. इंग्रजांच्या काळात 1872 च्या जनगणनेपासून काही व्यंगांची नोंद होत असे. 1941 पासून ती थांबली. 1981 साली पुन्हा विचारले गेले, 1991 ला वगळले गेले आणि जावेद आबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरल्यावर 2001 मध्ये परत आले. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी, म्हणजे 2.21 टक्के, आणि महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण 16 टक्के धरते. एवढी तफावत पडण्याचे एक मोठे कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. "तुमच्या घरात कोणी अपंग आहे का?" असे प्रगणकाने ओसरीवर उभे राहून विचारले, तर लग्नाची मुलगी असलेल्या घरातून उत्तर नकारार्थीच येते. आजीला दिसत नाही हे त्या घराला म्हातारपण वाटते, अपंगत्व वाटत नाही. उलट "चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालताना, जिना चढताना? लक्षात ठेवताना?" असे विचारले की तेच घर मोकळेपणाने बोलते. अशा सहा साध्या प्रश्नांचा एक संच आंतरराष्ट्रीय पातळीवर तयार आहे. 2027 ची जनगणना तोंडावर असताना याचा आग्रह धरणे हे सध्याचे सर्वांत निकडीचे काम आहे असे मी मानतो, कारण जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी बस, शाळा, डॉक्टर यांतले काहीही आखले जाणार नाही.

आता पैशाकडे वळू. 2016 च्या कायद्याचे चोविसावे कलम म्हणते की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत अपंग व्यक्तीला मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. सेन यांनी सांगितलेला जास्तीचा खर्च कायद्याने इथे मान्य केला आहे. पण केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन 80 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला दरमहा 300 रुपये आहे, आणि विधवा निवृत्तिवेतनही 300 रुपयेच आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेची रक्कम 2023 साली 1,500 रुपये झाली, तीही सर्वांना सारखी. अपंगांसाठी ती 2,500 करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. निर्णय स्वागतार्ह आहे, फक्त कायद्यानंतर त्याला आठ-नऊ वर्षे लागली. ही रक्कम मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याने जिवंत असल्याचे सांगायला कचेरीत जायचे.

स्थानिक पातळीवर महाराष्ट्राने एक फार चांगली तरतूद केली आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचे. खऱ्या अर्थाने विकेंद्रित नियोजन इथूनच सुरू होऊ शकते. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत मार्चअखेर ही रक्कम अखर्चित असल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते, नोंदणीकृत अपंगांची यादी काढली जाते आणि पैसे समान वाटून टाकले जातात. अंधाला तेवढेच, बहुविकलांग मुलाच्या आईलाही तेवढेच. काही हजारांचे वाटप होते, फोटो निघतो, आणि ग्रामपंचायत कार्यालयाची पायरी पूर्वीइतकीच उंच राहते. चार-पाच ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन याच पैशातून आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट आणला तर वर्षभर सेवा मिळेल. कोणी तसे करत नाही याचे कारण केवळ अनास्था नाही. ग्रामसेवकाला हे करता येते हे कोणी सांगितलेले नसते, आणि लेखापरीक्षणाच्या भीतीने तो पावती मिळणारा सोपा मार्ग निवडतो.

सुगम्यतेचे प्रकरण याहून उद्बोधक आहे. 3 डिसेंबर 2015 रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. 2016 च्या कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारती त्याचे नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 च्या जूनमध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने 2005 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर 2017 मध्ये निकाल लागला आणि पाठपुरावा करता करता 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने या नियमांतला नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सुगम्यता सक्तीची करतो आणि त्याखालचा नियम मात्र तिला शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवतो, हे न्यायालयाने दाखवून दिले आणि सक्तीचे मानक तीन महिन्यांत करायला सांगितले. 2025 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हाही जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवता न येणाऱ्या माणसाचे काय, असा तो प्रश्न होता. इमारतीचा उतार आणि मोबाइलवरचे ॲप, दोन्ही ठिकाणी चूक सारखीच आहे: आधी बांधायचे आणि मग कोणाला वापरता येत नाही ते पाहायचे. आधीच विचार केला तर सुगम बांधकामाचा वाढीव खर्च थोडा येतो; नंतर फोडून बांधताना तो अनेक पटींनी वाढतो आणि तिथेच काम अडते.

महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. गोव्याने 2023 च्या जानेवारीत पर्पल फेस्ट भरवून अपंग कलावंत, खेळाडू आणि कार्यकर्त्यांना मध्यभागी आणले. स्वतंत्र विभागाबद्दल कार्यकर्त्यांत दोन मते आहेत. एका गटाला वाटते की आता आपले ऐकणारे घर मिळाले. दुसऱ्या गटाला भीती वाटते की बाकीची खाती "तो विषय त्या विभागाचा" म्हणून मोकळी होतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण माझा कल दुसऱ्या भीतीकडे आहे. विभागाने योजना राबवण्यापेक्षा इतर खात्यांच्या आराखड्यांवर नजर ठेवावी, बांधकाम खात्याचा नकाशा आणि परिवहनाची निविदा आपल्या सहीशिवाय पुढे जाऊ देऊ नये, असे झाले तर त्याचा खरा उपयोग होईल. विशेष शाळा की सर्वसमावेशक शाळा, हा वादही असाच जिवंत आहे. बहिऱ्या मुलांचे अनेक पालक आणि स्वतः बहिरी माणसे सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या सवंगड्यांची शाळा मागतात. शिक्षणशास्त्राच्या घोषणेसाठी त्यांचे म्हणणे बाजूला सारू नये.

या संग्रहातले लेखक एका मताचे नाहीत आणि संपादकांनी त्यांना एकमताचे करण्याचा प्रयत्नही केलेला नाही. पालक, विशेष शिक्षक, निवृत्त अधिकारी, वकील आणि मुख्यतः अपंग व्यक्ती यांनी आपापल्या अनुभवाच्या जोरावर लिहिले आहे. लेखांची रचना अपंगत्वाच्या प्रकारांनुसार न करता आयुष्याच्या टप्प्यांनुसार केली आहे, कारण सेवा तुटतात त्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना: अंगणवाडीतून शाळेत, शाळेतून कामात, आणि आईवडिलांच्या छत्रातून त्यांच्या पश्चात. शेवटच्या टप्प्याला जास्त पाने दिली आहेत. "आमच्यामागे याचे कसे?" हा मतिमंद मुलांच्या प्रत्येक पालकाचा प्रश्न आहे. पालकत्वाचे कायदे त्याचे कागदी उत्तर देतात, पण राहायची जागा आणि सांभाळणारा माणूस यांचे उत्तर अजून कोणाकडे नाही.

पुस्तक धोरणकर्त्यांनी वाचावे अशी इच्छा आहेच, पण ते लिहिले आहे ग्रामसेवक, नगरसेवक, आशा कार्यकर्त्या आणि पालकसंघांसाठी. परिशिष्टात 5 टक्के निधीच्या खर्चाची माहिती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज, सार्वजनिक इमारत स्वतः फिरून तपासण्याची सूची आणि ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा दिला आहे. त्यांच्या छायाप्रती काढून खुशाल वापराव्यात. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा 2 ऑक्टोबरपासून आकार घेऊ लागतो. ठराव त्याआधी लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.